खैरलांजीचा खटला आणि स्पेशलायझेशनचा रकाना

आजचा विषय गुन्हेशास्त्र आणि न्याय या पदवीतल्या स्पेशलायझेशनचा आहे. प्रवेश घेतलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडीलही आम्हाला एकच प्रश्न विचारतात : फॉरेन्सिक घ्यावं, सायबर घ्यावं, की आणखी काही? स्कोप कशाला आहे? प्रश्न चुकीचा नाही. घरची दोन एकर धानाची शेती आणि त्यातून भरलेली फी, अशा घरातून येणाऱ्या मुलाने स्कोप विचारायचाच. पण तो प्रश्न अपुरा आहे, असं आमचं म्हणणं आहे. का ते आज एका खटल्याच्या आधारे तपासून पाहू.

आधी या विषयाचा नकाशा बघा. आपल्या देशात सागर विद्यापीठात १९५९ साली गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे आपण जिला ‘टिस’ म्हणतो तिथे, ‘क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस’ हीच मुळात समाजकार्याच्या एम.ए.ची एक शाखा. नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. या सगळीकडच्या, आणि परदेशातल्याही, अभ्यासक्रमांत शाखा साधारण त्याच : पोलीस प्रशासन, न्यायसहायक विज्ञान, सायबर गुन्हे, फौजदारी कायदा, कारागृह व सुधारणा, बालन्याय, आणि पीडितशास्त्र म्हणजे व्हिक्टिमॉलॉजी.

आता या शाखांची माहितीपत्रकं वाचा. समीक्षक कादंबरी वाचतो तशी वाचा. त्यांत नायक कोण आहे? बहुतेक ठिकाणी तो भिंग घेतलेला तपासनीस किंवा पांढऱ्या कोटातला वैज्ञानिक असतो. दुसरं महत्त्वाचं पात्र गुन्हेगार. त्याचं मन, त्याची कवटी, त्याचं बालपण, त्याची संगत. पीडित माणूस येतो तो शेवटच्या युनिटमध्ये. साक्षीदार तर बऱ्याचदा येतच नाही. आणि जात? ‘गुन्ह्याची सामाजिक कारणे’ या मथळ्याखाली एखादा परिच्छेद. टीव्हीवरच्या गुन्हे-मालिकेची हीच मांडणी असते. गुन्हा घडतो, हुशार माणसं येतात, कोडं सुटतं, गाडी निघून जाते. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांचं पुढे काय झालं, हे पुढच्या भागात कुणी सांगत नाही.

ही मांडणी वास्तवाला किती पुरते हे बघायला लांब जायला नको. आपण भंडाऱ्यात बसलो आहोत. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी इथून जवळच. तो खटला आपण शाखा-शाखांनी वाचू. यात मेलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या मरणाचा सविस्तर तपशील सांगायची आम्हाला गरज वाटत नाही. आपल्याला बघायचंय ते यंत्रणेचं वागणं.

घटना थोडक्यात अशी. भय्यालाल भोतमांगे, पत्नी सुरेखा, एक मुलगी आणि दोन मुलगे, असं हे बौद्ध कुटुंब. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावात जुना वाद होता. ३ सप्टेंबर २००६ रोजी या कुटुंबाशी घरोबा असलेल्या, जवळच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. त्या प्रकरणात सुरेखा आणि त्यांच्या मुलीने साक्ष दिली, माणसं ओळखली. अटक झाली. २९ सप्टेंबरला त्या आरोपींना जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमावाने भोतमांगे यांच्या घरावर हल्ला केला. सुरेखा, मुलगी आणि दोन्ही मुलगे मारले गेले. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. भय्यालाल तेवढे वाचले.

पुढे नोव्हेंबरमध्ये विदर्भात आंदोलनं झाली, तपास सीबीआयकडे गेला, डिसेंबरअखेर दोषारोपपत्र आलं. भंडाऱ्याच्या न्यायालयात अकरा जणांवर खटला चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत लागू ठरला नाही. विनयभंगाचा आरोपही टिकला नाही.

आता एकेक शाखा घ्या आणि विचारा : तुमचं काम इथे कुठे होतं?

पहिली शाखा पोलीस प्रशासन. मायलेकींनी साक्ष दिली होती. ज्यांच्याविरुद्ध दिली ते त्याच गावचे. ते सुटून येणार हे न्यायालयाला माहीत, पोलिसांना माहीत, वकिलाला माहीत. साक्ष देणाऱ्या बाईला आधी सांगायचं, तिच्या दाराशी दोन शिपाई उभे करायचे, हे कुणाचं काम होतं? अभ्यासक्रमात शोधा. ‘तपास’ या प्रकरणात साक्षीदार म्हणजे जबाब. ‘पुराव्याचा कायदा’ या प्रकरणात साक्षीदार म्हणजे उलटतपासणी. जबाब आणि उलटतपासणी यांच्या मधल्या काळात साक्षीदार नावाचं माणूस घरी राहतं, पाणी भरतं, शेतात जातं, रात्री दार लावून झोपतं. तो मधला काळ कुठल्याच शाखेचा नाही. खैरलांजी घडलं ते त्या मधल्या काळात. नंतर हलगर्जीपणाबद्दल पोलिसांवर आणि डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई झाली. पण निलंबनाने फक्त माणूस बदलतो, रिकामी जागा तशीच राहते.

दुसरी शाखा न्यायसहायक विज्ञान. आज सगळ्यात जास्त मागणी हिलाच, आणि इथेच आमचं बोलणं नीट ऐका. पहिलं शवविच्छेदन झालं तेव्हा लैंगिक अत्याचाराच्या दिशेने जी तपासणी व्हायला हवी ती झाली नाही. पुढे पुरलेला मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन करावं लागलं. तोवर वेळ निघून गेली होती. आता प्रयोगशाळेत कितीही महागडी यंत्रं असू द्या, जे गोळाच केलं नाही ते तपासणार कसं? आपल्या कोर्टात ज्याला सी.ए. रिपोर्ट म्हणतात, त्याची गुणवत्ता ठरते ती ग्रामीण रुग्णालयातल्या त्या पहिल्या टेबलावर. कुणी कोणती नोंद केली, कोणता नमुना घेतला, कोणता प्रश्न मनात आणला, त्यावर. मृत स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला हवा होता, एवढं सुचायला यंत्र लागत नाही. तिथे काय घडलं असू शकतं याची सामाजिक जाण लागते. म्हणजे फॉरेन्सिक शिकणाऱ्याला जात आणि बाईवरचा अत्याचार यांचा अभ्यास हा ‘ऐच्छिक पेपर’ असून चालणार नाही. तो त्याच्या विज्ञानाचाच भाग आहे.

तिसरी शाखा फौजदारी कायदा. खटल्यातला मोठा वाद हेतूचा होता. न्यायालयांनी म्हटलं, ही हत्या मारहाणीच्या प्रकरणातल्या साक्षीचा सूड म्हणून झाली, जातीमुळे नव्हे. त्या वेळचं ॲट्रॉसिटीचं कलम ३(२)(५) असं होतं की, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला पाहिजे. आता विचार करा, गावातल्या एका दलित बाईने साक्ष देण्याचं धाडस केलं याचा राग आणि तिच्या जातीचा राग, हे दोन राग वेगळे कसे मोजायचे? हेच तर गुन्हेशास्त्राने सांगायला हवं होतं. पण आपल्या पुस्तकांत हेतूचं प्रकरण लोम्ब्रोसोपासून सुरू होतं, सदरलँड आणि मर्टनवरून जातं, आणि खेड्यातल्या जातीच्या उतरंडीपर्यंत यायच्या आत सत्र संपतं.

या घटनेचं एक सविस्तर वाचन पुस्तकरूपाने आलं ते २००८ साली, आनंद तेलतुंबडे यांच्याकडून. ते अभियंता, व्यवस्थापनाचे अभ्यासक आणि जातिव्यवस्थेचे भाष्यकार. गुन्हेशास्त्राच्या विभागातून आलेले नव्हेत. हा त्यांचा मान आहेच, पण आपल्या विषयावर ती टीकाही आहे.

पुढे कायदा बदलला. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. ‘या कारणावरून’ ऐवजी, पीडित व्यक्ती त्या समाजाची आहे ‘हे माहीत असताना’ अशी शब्दयोजना आली. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर जात माहीत होती असं गृहीत धरण्याची तरतूद आली. आणि कलम १५-अ आलं. त्यात पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य ठरलं, आणि जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क पीडिताला मिळाला. हे वाक्य खैरलांजीच्या तारखांशेजारी ठेवून वाचा. २९ सप्टेंबर, जामीन, संध्याकाळ. कायद्यातल्या त्या एका ओळीचं वजन मग कळतं.

चौथी शाखा पीडितशास्त्र. तिचा इतिहास थोडा विचित्र आहे. १९४०च्या दशकात मेंडेलसोन आणि फॉन हेंटिग यांनी ती मांडली, तेव्हा त्यांचा मुख्य प्रश्न होता : गुन्हा घडण्यात पीडिताचा वाटा किती? म्हणजे ज्या शास्त्राने पीडिताची बाजू घ्यायची, त्याचा जन्मच पीडिताकडे संशयाने बघत झाला. हा संशय आपल्याला अनोळखी नाही. खैरलांजीनंतरही मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर कुजबुज झालीच. पुढच्या काळात या शास्त्राने दिशा बदलली, नुकसानभरपाई, मानसिक आधार, खटल्यातला सहभाग असे प्रश्न घेतले. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे पीडित भरपाईचं कलम आलं ते खैरलांजीनंतर. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. भय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. घटना ते मृत्यू, दहा वर्षांहून जास्त काळ ते एकटे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांचा हात धरून ‘आज काय झालं, पुढची तारीख कशासाठी आहे’ हे सांगणं ज्याच्या नोकरीचा भाग असेल, असं पद आपल्या व्यवस्थेत ठरलेलं नव्हतं.

पाचवी शाखा कारागृह आणि सुधारणा. पंचवीस वर्षांच्या शिक्षेत माणसाचं काय करायचं? चोरी करणाऱ्याला शिवणकाम शिकवलं, सुतारकाम शिकवलं, की पुनर्वसन झालं असं आपण म्हणतो. पण ज्याचा गुन्हा ‘ती आपल्यापेक्षा खालची असून वर मान करून चालते’ या समजुतीतून येतो, त्याला कोणता कोर्स देणार? आणि तो सुटून ज्या गावात परत जाणार, त्या गावाची सुधारणा कुणाच्या खात्यात? सुधारणाशास्त्र एकट्या कैद्याला समोर बसवतं. जमावाने केलेला गुन्हा त्याच्या चौकटीत मावत नाही.

आता पाचही शाखा शेजारी ठेवा. आमचं मुख्य म्हणणं इथे आहे. खैरलांजीत न्यायाची जी मोडतोड झाली ती कुठल्याही एका शाखेच्या मध्यभागी झाली नाही. ती सांध्यांवर झाली. जामीन आणि साक्षीदार यांच्या सांध्यावर. शवविच्छेदन आणि प्रयोगशाळा यांच्या सांध्यावर. समाजशास्त्राला जे दिसतं आणि कायद्याला जे सिद्ध करावं लागतं, त्यांच्या सांध्यावर. निकाल आणि मागे उरलेला माणूस यांच्या सांध्यावर. प्रत्येक शाखेला म्हणता येतं की आमच्यापुरतं आमचं काम आम्ही पाहतो. स्पेशलायझेशन शिकवतानाच आपण हे वाक्य शिकवतो, अशी आमची तक्रार आहे.

यावर कुणी म्हणेल, तज्ज्ञ नकोतच का? तसं मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं तिचं कलम १७६(३) सांगतं. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. म्हणजे माणसं लागणार आहेत, आणि चांगली शिकलेली लागणार आहेत. फॉरेन्सिकला स्कोप आहे, हे खरंच आहे. पण आम्ही म्हणतो, त्याच कायद्यातलं ते नव्वद दिवसांचं वाक्यही नोकरीचंच वाक्य आहे. ते कळवायला माणूस लागेल. त्याला कायदा समजावा लागेल, आणि रडणाऱ्या माणसासमोर बसता यावं लागेल. त्याची जाहिरात अजून कुणी करत नाही, एवढंच.

आणि सांध्यावर काम उभं राहू शकतं, याची उदाहरणं आपल्या राज्यातच आहेत. १९८४ साली ‘टिस’ने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसू लागली. हिंसाचार सोसलेल्या बाईची फिर्याद आणि तिचं पुढचं आयुष्य यांच्या मधल्या जागेत. पुढे राज्य शासनाने तो प्रयोग राज्यभर नेला. १९९० मध्ये ‘प्रयास’ सुरू झाला, तोही तिथूनच. तुरुंगातला कच्चा कैदी आणि त्याच्यापर्यंत कधीच न पोचणारा वकील यांच्या मधे. ही दोन्ही कामं क्षेत्रकार्यातून उभी राहिली. आधी कुणीतरी ठाण्यात आणि तुरुंगात जाऊन बसलं, सांधा कुठे उघडा आहे ते पाहिलं, मग त्या कामाला नाव मिळालं.

मग निवड कशी करायची? चार प्रश्न सांगतो. ते कॉलेजला विचारा आणि स्वतःलाही.

पहिला. खटल्याच्या कोणत्या क्षणी तुम्हाला हजर राहायचं आहे? घटनास्थळी, शवविच्छेदनाच्या खोलीत, फिर्याद लिहिताना, कोर्टात पैरवी अधिकाऱ्याच्या शेजारी, तुरुंगाच्या मुलाखतीच्या जाळीपाशी, की निकालानंतर फिर्यादीच्या ओसरीवर? शाखेचं नाव विसरा, जागा ठरवा. जागा ठरली की शाखा बरीचशी आपोआप ठरते.

दुसरा. त्या शाखेत शेजारच्या शाखेचं किती शिकवतात? फॉरेन्सिकवाल्याला पंचनामा वाचता येतो का? कायदावाल्याला शवविच्छेदनाचा अहवाल कळतो का?

तिसरा. क्षेत्रकार्य कुठे आहे? नुसती ‘भेट’ आहे की काम आहे? बसमधून कारागृह बघून येणं म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे.

चौथा. पीडित आणि साक्षीदार अभ्यासक्रमाच्या कितव्या पानावर येतात? शेवटच्या पानावर येत असतील, तर तो अभ्यासक्रम कुणाच्या बाजूने लिहिलाय हे ओळखा.

आणि आणखी एक. गुन्हा म्हटलं की खून आणि चोरीच डोळ्यांपुढे आणू नका. सदरलँडने १९३९ साली पांढरपेशा गुन्ह्याची कल्पना मांडली. ती शिकताना आपल्या जिल्ह्याकडे बघा. पवनी तालुक्यात गोसेखुर्द आहे. वैनगंगेचे रेतीघाट आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. तिथे हातात शस्त्र घेतलेला गुन्हेगार नव्हता. मग जबाबदारी कशी शोधायची, किती वरपर्यंत न्यायची? सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसापाशी ती थांबू नये यासाठी कोणतं ज्ञान लागतं? हाही स्पेशलायझेशनचाच प्रश्न आहे, आणि माहितीपत्रकात त्याला रकाना नाही.

आमचं मत विचाराल तर सरळ सांगतो. या जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीने आम्हाला विचारलं की मी काय घेऊ, तर आम्ही म्हणू, पीडित आणि साक्षीदार यांच्याबरोबरचं काम घे, आणि त्याच्या जोडीला पुराव्याचा कायदा पक्का कर. कारण तिथली जागा सगळ्यात रिकामी आहे. याची किंमतही लपवणार नाही. या कामात कायम पदं कमी, कंत्राटी जास्त. पगार फॉरेन्सिकपेक्षा कमी मिळण्याची शक्यता खूप. घरची जबाबदारी अंगावर असेल आणि तिने प्रयोगशाळेची नोकरी निवडली, तर तिला कमी लेखायचा अधिकार कुणालाही नाही, आम्हाला तर नाहीच. तिने तिथे बसून फक्त एवढं करावं : टेबलावर आलेल्या नमुन्याच्या मागे कोणता प्रश्न विचारायचा राहिला, हे लेखी कळवावं. तेवढ्यानेही एक सांधा बसतो.

पण ज्या विद्यापीठांनी हे अभ्यासक्रम आखले, त्यांना ही सूट आम्ही देणार नाही. खैरलांजीचा खटला भंडाऱ्याच्या न्यायालयात चालला. इथून तासा-दीड तासावर नागपूरला विधी विद्यापीठ आहे, न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. तो एकच खटला सगळ्या शाखांच्या मुलांना एकत्र बसवून, पहिल्या फिर्यादीपासून खंडपीठाच्या निकालापर्यंत, एक सत्रभर वाचायला लावणारा पेपर असायला हवा. त्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. निकालपत्रं सार्वजनिक आहेत. प्रत्येकाने आपापली शाखा कुठे कमी पडली ते लिहायचं, आणि मग शेजारच्या मुलाने लिहिलेलं वाचायचं. असा पेपर सुरू झाला, तर स्पेशलायझेशनचा फॉर्म भरताना मुलांच्या मनात स्कोपबरोबर दुसराही एक शब्द येईल : जबाबदारी.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही इथेच आहोत.